लहान होडीतून छायाचित्रण : आधी तोल, मग चित्र

पाण्याचे दुर्भिक्ष ज्या प्रदेशाच्या पाचवीला पुजलेले आहे, त्या प्रदेशात भरलेला तलाव हा उत्सवाचा विषय व्हावा, यात नवल नाही. धाराशिव तालुक्यातील बेंबळी आणि तिच्या पंचक्रोशीतील गावे याला अपवाद नाहीत. रुईभरचा तलाव असो, तेरजवळील तेरणा प्रकल्प असो किंवा त्याच नदीवर लोहारा तालुक्यात माकणी येथे बांधलेले निम्न तेरणा धरण असो, पाणी काठाला लागले की लोकांची पावले आपोआप तिकडे वळतात. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ते दिवस पाहिलेल्या माणसाला भरलेल्या जलाशयाचे चित्र जपून ठेवावेसे वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

अशा वेळी गावोगाव एक इच्छा हमखास व्यक्त होते. होडीत बसून छायाचित्र काढावे, ही ती इच्छा होय. तिची कारणे मात्र निरनिराळी असतात. जलपूजनाच्या प्रसंगी पदाधिकारी व अधिकारी होडीतून पाण्याची ओटी भरतात आणि त्या क्षणाचे चित्र हवे असते. शाळेतील शिक्षकांना हिवाळ्यात येणारे पक्षी विद्यार्थ्यांना दाखवायचे असतात. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला लोक जैवविविधता नोंदवहीसाठी जलवनस्पती, मासे आणि पाणपक्षी यांची चित्रे लागतात. आता विवाहापूर्वी वधूवरांची छायाचित्रे काढण्याची प्रथा खेड्यापर्यंत पोहोचली असून, त्यासाठीही मासेमारांच्या होड्यांना मागणी येऊ लागली आहे.

यांतील कोणताही हेतू अनुचित नाही. परंतु जमिनीवर छायाचित्र काढताना चुकले तर फार तर चित्र बिघडते. लहान होडीत चुकले तर माणसे बुडतात. दिनांक १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूच्या समुद्रात सुमारे ४० विद्यार्थ्यांना घेऊन निघालेली होडी उलटली आणि तीन विद्यार्थिनींचा बळी गेला. छायाचित्रे काढण्यासाठी मुले एका बाजूस गोळा झाल्याने होडीचा तोल गेला, असे त्या वेळच्या वृत्तांत म्हटले होते. यास्तव होडीवरील छायाचित्रणाचे नियोजन कॅमेऱ्यापासून नव्हे, तर होडीच्या तोलापासून सुरू केले पाहिजे. ते कसे करावे, याची माहिती देण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

होडीचे चित्र की होडीतून चित्र?

नियोजनाच्या प्रारंभीच एक प्रश्न विचारावा. आपल्याला होडीत बसलेल्या माणसांचे चित्र हवे आहे, की होडीतून दिसणाऱ्या दृश्याचे? ही दोन वेगळी कामे आहेत आणि त्यांची व्यवस्थाही वेगळी आहे.

पहिल्या प्रकारात होडी ही केवळ चित्राची पार्श्वभूमी असते. जलपूजन, वधूवरांची छायाचित्रे, शाळेच्या वार्षिकांकाचे मुखपृष्ठ ही सारी कामे याच प्रकारात मोडतात. या कामासाठी होडी खोल पाण्यात नेण्याचे मुळीच कारण नाही. गुडघाभर पाण्यात, तळ कठीण व मुरमाड आहे अशा जागी होडी आणावी. तिचे पुढचे व मागचे टोक दोन वेगळ्या दोरांनी काठावरील मजबूत खुंट्यांना बांधावे. छायाचित्रकाराने काठावर, शक्य तितके खाली बसून, कॅमेरा पाण्याच्या पातळीपासून हात-दीड हात उंचीवर ठेवावा. काठ चौकटीबाहेर राहील असा कोन साधला म्हणजे होडीच्या मागे केवळ पाण्याचा विस्तार दिसतो. चित्र पाहणाऱ्यास ती होडी भर जलाशयात आहे असेच वाटते. प्रत्यक्षात मात्र होडीतील माणूस खाली उतरला तरी त्याचे गुडघेच काय ते भिजतात. जी गोष्ट गुडघाभर पाण्यात साधते, तिच्यासाठी पुरुषभर पाण्यात जाणे हे धाडस नव्हे, अविचार होय.

दुसऱ्या प्रकारात होडी हे साधन असते. पाणपक्षी, धरणाची पाण्याकडील बाजू, पाण्याने वेढलेले जुने देवालय, जाळे टाकणारे मासेमार यांची चित्रे काठावरून मिळत नाहीत. त्यासाठी पाण्यात जावेच लागते. यापुढील विवेचन मुख्यतः या दुसऱ्या प्रकारासाठी आहे.

तोलाचे गणित

लहान होडी किती माणसे वाहू शकते, याचा अंदाज डोळ्यांनी करण्याचा प्रघात आहे. तो चुकीचा आहे, हे साध्या गणिताने दाखविता येते. शिक्षकांनी हे उदाहरण वर्गातही अवश्य सोडवून घ्यावे.

आर्किमिडीजच्या सिद्धांतानुसार तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. समजा, होडी साडेचार मीटर लांब आणि सव्वा मीटरहून किंचित कमी, म्हणजे १.२ मीटर रुंद आहे. दोन्ही टोके निमुळती असल्याने पाण्यावरील तिचे क्षेत्र पूर्ण आयताएवढे नसते. ते सुमारे ३.८ चौरस मीटर धरू. ही होडी एक सेंटीमीटर खाली जाण्यासाठी ३८ लिटर पाणी बाजूला सारले गेले पाहिजे, म्हणजेच ३८ किलोग्रॅम वजन वाढले पाहिजे. प्रत्येकी ६५ किलोग्रॅम वजनाची पाच माणसे आणि २५ किलोग्रॅम साहित्य असे ३५० किलोग्रॅम वजन चढले की होडी सुमारे नऊ सेंटीमीटर खाली जाते. रिकाम्या होडीची कड पाण्यापासून ४० सेंटीमीटर उंच असेल, तर आता ती ३१ सेंटीमीटरच राहिली.

येथपर्यंत चिंतेचे कारण दिसत नाही. परंतु होडी एका बाजूस कलली म्हणजे काय होते ते पाहा. होडीच्या मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर ६० सेंटीमीटर आहे. १० अंश कल आला की त्या बाजूची कड सुमारे १० सेंटीमीटर खाली जाते, २० अंशांना सुमारे २० सेंटीमीटर आणि ३० अंशांना ३० सेंटीमीटर. म्हणजे पाच माणसे बसलेली ही होडी ३० अंश कलली की कड पाण्याला टेकते आणि पाणी आत शिरू लागते. तेवढ्यात हातभर उंचीची लाट आली, तर १० अंशांचा कलही पुरेसा होतो.

आत शिरलेले पाणी केवळ वजन वाढवीत नाही. ते ज्या बाजूस होडी कलते त्याच बाजूस धावते आणि कल आणखी वाढविते. म्हणून तळाशी साचलेले चार बोटे पाणीही क्षुल्लक मानू नये. निघण्यापूर्वी ते उपसून काढावे आणि उपसण्यासाठी एक भांडे होडीतच ठेवावे.

दुसरी गोष्ट उंचीची. वजन जितके खाली, तितकी होडी स्थिर. बसलेला माणूस उभा राहिला की त्याचे वजन वाढत नाही, पण ते वर सरकते. छायाचित्रकाराला उभे राहण्याचा मोह सर्वांत अधिक होतो, कारण उभे राहिल्याने दृश्य मोकळे दिसते. हा मोह निग्रहाने टाळावा. होडीच्या मध्यरेषेवर, तळाशी, मांडी घालून किंवा गुडघे टेकून बसावे. जागा बदलणे अपरिहार्य असेल तर एका वेळी एकानेच हलावे, वाकून हलावे, आणि दोन हात व दोन पाय यांपैकी तीन अवयव सदैव होडीला टेकलेले असावेत.

या सर्वांचा निष्कर्ष असा की, वरील आकाराच्या होडीत छायाचित्रणाच्या वेळी तीनच माणसे असावीत. एक होडीवाला, एक छायाचित्रकार आणि एक मदतनीस. दृश्य दिसताच सर्वांनी एकाच कडेकडे धाव घेणे, हे होडी उलटण्याचे अतिपरिचित कारण आहे. माणसेच मोजकी असली म्हणजे ती शक्यता पुष्कळ कमी होते. थर्माकोलचे तराफे आणि गूळ शिजविण्याच्या काहिली यांतून लोक पाणी ओलांडतात; पण छायाचित्रणासाठी त्यांचा उपयोग कदापि करू नये.

उजनीच्या पाण्यावरील दोन धडे

धाराशिव शहराला ज्या उजनी जलाशयातून नळाने पाणी येते, त्याच जलाशयावर लहान होडीतून छायाचित्रण कसे करावे याचा उत्तम पाठ पाहावयास मिळतो. भीमा नदीवरील हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या फुगवट्याच्या पाण्यात भिगवणजवळील कुंभारगाव, डिकसळ या परिसरात हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. तेथील मासेमार बांधव आपल्या होड्यांतून छायाचित्रकारांना पक्ष्यांपर्यंत नेतात. मासेमारीला जोडून उत्पन्नाचे एक साधन त्यातून उभे राहिले आहे.

या जाणत्या होडीवाल्यांची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. ते थव्याच्या दिशेने सरळ जात नाहीत. तिरप्या मार्गाने, सावकाश जवळ सरकतात. अंतर कमी झाले की यंत्र बंद करून बांबूने होडी ढकलतात. यामुळे पक्षी बिचकत नाहीत, शिवाय यंत्राची थरथर थांबल्याने चित्र स्पष्ट येते. चिखलात चोच उलटी घालून चरणारे रोहित चरणे थांबवून माना उंचावून चालू लागले, तर ती आपण फार जवळ आल्याची खूण समजावी. तेथेच थांबावे. उडणाऱ्या थव्याचे चित्र मिळावे म्हणून पक्ष्यांना मुद्दाम उठविणे हे निंद्य कृत्य आहे. दूरच्या प्रवासाने थकलेल्या पक्ष्याची जी शक्ती चरण्यासाठी हवी, ती आपण आपल्या हौसेपायी खर्च करवितो.

याच जलाशयाने दुसरा, कठोर धडाही दिला आहे. दिनांक २१ मे २०२४ रोजी सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी यांच्या दरम्यान जाणारी होडी वादळी वाऱ्यात सापडून उलटली आणि सहा जण मृत्युमुखी पडले. ती होडी छायाचित्रणासाठी निघाली नव्हती. नित्याच्या वाहतुकीची होती. परंतु उन्हाळ्याच्या उत्तरार्धात दुपारनंतर उठणारे वादळ अनुभवी होडीवाल्यालाही सावरू देत नाही, हे या घटनेवरून स्पष्ट होते. मग हौशी छायाचित्रकाराची कथा ती काय?

ऋतू, वारा आणि प्रकाश

वरील अनुभव जमेस धरता, बेंबळी परिसरात होडीतून छायाचित्रण करण्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत योग्य ठरतो. पावसाळा संपलेला असतो, जलाशयात पाणी असते, गढूळपणा खाली बसलेला असतो आणि स्थलांतरित पक्षी आलेले असतात. आशियाई पाणपक्षी गणनाही १९८७ पासून दरवर्षी जानेवारी महिन्यातच केली जाते. ज्या वर्षी पाऊस दगा देतो, त्या वर्षी मात्र पाणी लवकर ओसरून काठावर रुंद चिखलपट्टा उघडा पडतो. वरून वाळलेला दिसणारा हा गाळ आत ओला असतो व त्यात पाय रुततो. अशा वर्षी होडीपर्यंत पोहोचण्याची वाट आधी तपासावी.

दिवसाच्या वेळेचाही विचार केला पाहिजे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते. बेंबळी सुमारे ७६ अंश पूर्व रेखांशावर आहे. प्रत्येक अंशास चार मिनिटे या हिशेबाने येथील सूर्य घड्याळाच्या सुमारे २५ मिनिटे मागे चालतो. जानेवारीच्या मध्यास येथे सूर्योदय सकाळी सातच्या सुमारास आणि सूर्यास्त सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटांच्या आसपास होतो. त्यामुळे 'सहा वाजता निघू' असे ठरविणाऱ्यांना काळोखात होडीत चढावे लागेल. काळोखात चढणे धोक्याचे आहे. पुरेसे उजाडल्यावर, साडेसहापाठोपाठ काठावर जमावे, सूर्योदयाला होडी सोडावी आणि नऊ वाजेपर्यंत परतावे.

सकाळच्या वेळेचा आग्रह दोन कारणांसाठी आहे. एक, त्या वेळी वारा पडलेला असतो व पाणी आरशासारखे स्थिर असते. दुसरे, सूर्य क्षितिजाजवळ असल्याने प्रकाश कोवळा व तिरपा असतो, वस्तूंना आकार येतो. सायंकाळचा प्रकाशही सुंदर असतो. पण सायंकाळी काही बिघडले तर पुढे अंधार असतो, सकाळी बिघडले तर पुढे सबंध दिवस असतो. हे एवढे एकच कारण सकाळ निवडण्यास पुरेसे आहे.

होडीची दिशा आदल्या दिवशीच कागदावर आखावी. हिवाळ्यात सूर्य नेमका पूर्वेला उगवत नाही. डिसेंबरच्या उत्तरार्धात तो या भागात पूर्वेपासून दक्षिणेकडे सुमारे २५ अंश सरकून उगवतो. सूर्य पाठीमागे ठेवायचा असेल तर पक्ष्यांच्या आग्नेयेकडून जावे लागेल. जलाशयाच्या कोणत्या काठावरून निघावयाचे, हे यावरून ठरते.

लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसू लागला की लहान होडीने परतावे. मेघगर्जना ऐकू आली तर तत्काळ काठ गाठावा आणि शेवटच्या गर्जनेनंतर अर्धा तास पाण्यात उतरू नये. निघण्यापूर्वी हवामान खात्याचा अंदाज पाहावा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विजेच्या पूर्वसूचनेसाठी 'दामिनी' हे मोबाइल उपयोजन सिद्ध केले आहे. त्याचाही लाभ घ्यावा.

कॅमेरा आणि साहित्य

तिवई जमिनीवर कॅमेरा स्थिर ठेवते, पण होडीत ती होडीचे प्रत्येक हेलकावे कॅमेऱ्यापर्यंत पोहोचविते. शिवाय तिचे पाय माणसांच्या पायांत येतात. सबब तिवई काठावरच ठेवावी. मांडीवर ठेवलेली धान्याने किंवा कापसाने भरलेली छोटी पिशवी अधिक उपयोगी पडते, कारण माणसाचे शरीर होडीचा हेलकावा बराचसा पचविते.

हेलकाव्याचा परिणाम टाळण्यासाठी प्रकाशकाल कमी ठेवावा. स्थिर दृश्यासाठी सेकंदाचा पाचशेवा भाग आणि उडत्या पक्ष्यांसाठी हजारावा ते दोन हजारावा भाग हे प्रमाण योग्य ठरते. साध्या मोबाइलमध्ये ही योजना हाताने करता येत नसेल, तर पुरेसे ऊन येईपर्यंत थांबावे आणि एकाच दृश्याची चार-पाच चित्रे घ्यावीत. होडी दोन हेलकाव्यांच्या मध्ये क्षणभर स्थिरावते, त्या क्षणाचे एक तरी चित्र त्यांत येते. पडद्यावर आडव्या-उभ्या रेषांची जाळी दाखविण्याची सोय असते. ती चालू करून क्षितिज आडव्या रेषेशी जुळवावे. होडी कललेली असली तरी पाण्याची रेषा कललेली दिसू नये.

पाण्यावर प्रकाशाचे मापन फसवे असते. मागे चकाकणारे पाणी असेल तर पुढील माणूस वा पक्षी काळवंडतो. अशा वेळी प्रकाश किंचित वाढवावा. उलट, गडद पाण्यावर पांढरा बगळा असेल तर तो पांढराफटक येऊन पिसांचे बारकावे नाहीसे होतात; तेथे प्रकाश कमी करावा. चकाकी घालविण्यासाठी ध्रुवण गाळणी वापरतात. पाण्याच्या पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांचा कोन करून खाली पाहिले असता ती सर्वाधिक परिणाम देते. जलवनस्पती किंवा पाण्यातील मासे टिपताना तिचा उपयोग होतो. परंतु दूरच्या पक्ष्यांसाठी ती काढून ठेवावी. तेथे दृष्टी जवळजवळ सपाट असल्याने तिचा लाभ थोडा, आणि प्रकाश अडविल्याने प्रकाशकाल वाढण्याचा तोटा मात्र मोठा.

प्रकाश परतविणारे पांढरे कापड, छत्री किंवा मोठा पडदा होडीत उघडू नये. वाऱ्याच्या एका झोतासरशी त्याचे शीड बनते. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात न अडकविता मनगटात घ्यावा. पाण्यात पडल्यास गळ्यातील पट्टा जाकिटात किंवा जाळ्यात गुंतू शकतो. उरलेले साहित्य तोंड घट्ट मिटणाऱ्या जलरोधक पिशवीत, आत थोडी हवा ठेवून, मध्यभागी तळाशी बांधून ठेवावे. आणि मुख्य म्हणजे कॅमेरा पाण्यात पडला तर तो जाऊ द्यावा. त्याच्यामागे झेपावणारा माणूस होडीही सोबत नेतो.

जीवरक्षक जाकीट प्रत्येकाच्या अंगावर, बंद बांधलेले, असावे. होडीत ठेवलेले जाकीट हे नसल्यासारखेच आहे. 'चित्रात बरे दिसत नाही' म्हणून ते काढण्याची विनंती झाल्यास ती निःसंकोच नाकारावी. ज्या चित्रात जाकीट नको असेल, ते चित्र बांधलेल्या होडीत, गुडघाभर पाण्यात काढावे. नऊवारी, शालू, घेरदार पोशाख भिजल्यावर पायांना वेढतात व पोहता येणाऱ्यालाही पोहू देत नाहीत. मुलांसाठी मुलांच्याच मापाची जाकिटे हवीत. मोठे जाकीट मुलाच्या अंगातून निसटून वर येते.

परवानगी आणि जबाबदारी

जलाशय गावाच्या शिवारात असला तरी तो ग्रामपंचायतीच्या मालकीचा असतोच असे नाही. मोठे व मध्यम प्रकल्प जलसंपदा विभागाच्या अखत्यारीत येतात. मराठवाड्यात त्यांचे काम गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळामार्फत चालते. अनेक जलाशयांत मासेमारीचा ठेका सहकारी संस्थांकडे असतो. म्हणून संबंधित शाखा कार्यालयाची लेखी परवानगी घ्यावी, मासेमार संस्थेला पूर्वसूचना द्यावी आणि परिसर ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतो तेथेही कळवावे. सांडवा, दरवाजे, विमोचक आणि पाणीपुरवठ्याचा मनोरा यांच्याजवळ होडी नेऊ नये. धरणातून पाणी सोडले जात असेल, त्या दिवशी छायाचित्रण पुढे ढकलावे.

अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ या कायद्याने यंत्रचलित नौकांची नोंदणी व तपासणी यांची देशभर एकसारखी पद्धती घालून दिली आहे. बिनयंत्राच्या लहान होड्यांच्या नोंदीचे काम स्थानिक पातळीपर्यंत नेण्याचा विचारही त्यात आहे. पंचायत सदस्यांनी आपल्या हद्दीत किती होड्या आहेत, त्यांची अवस्था कशी आहे आणि त्या कोण चालवितो, याची साधी यादी आजच करून ठेवली तर ती पुढे सर्वांनाच उपयोगी पडेल.

होडीवाल्याच्या मोबदल्याचाही स्पष्ट उल्लेख केला पाहिजे. त्याला फेरीच्या किंवा माणसांच्या हिशेबाने पैसे दिले, तर अधिक माणसे घेण्याकडे व वारा असताना निघण्याकडे त्याचा कल होणारच. त्याला सकाळचे ठरावीक मानधन द्यावे आणि वाऱ्यामुळे बेत रद्द झाला तरी ते द्यावे. त्याच्या नकाराला असे आर्थिक पाठबळ मिळाले म्हणजेच तो नकार खरा ठरतो.

बेंबळीसाठी एक नमुना

समजा, बेंबळी परिसरातील शिक्षक व जैवविविधता व्यवस्थापन समिती यांनी जानेवारीत जवळच्या जलाशयाची छायाचित्रे काढण्याचे ठरविले. त्यांनी काम तीन टप्प्यांत विभागावे.

आठ दिवस आधी काठावरून पाहणी करावी. होडीवाल्याला सोबत घेऊन बुडालेल्या विहिरी, पाण्यातील वेड्या बाभळींचे खुंट, जाळी आणि शेतकऱ्यांच्या विद्युत मोटारींच्या तारा कोठे आहेत ते नकाशावर नोंदवावे. हे अडथळे वर्षागणिक पाण्याच्या पातळीनुसार बदलतात, म्हणून गेल्या वर्षीच्या नकाशावर विसंबू नये. याच पाहणीत कोणती चित्रे काठावरून मिळतील ते ठरवून टाकावे. बहुतेक वेळा यादीतील निम्म्याहून अधिक चित्रांना होडीची गरजच नसते, असे आढळून येईल.

आदल्या दिवशी होडी रिकामी तपासावी. फटी, सैल फळ्या, गंजलेले पत्रे पाहावेत. दोन वल्ही, बांबू, दोर, उपसण्याचे भांडे, जाकिटे आणि काठावरून फेकण्यासाठी तोंडाला रिकामा बंद डबा बांधलेला लांब दोर एकत्र ठेवावा. जाणाऱ्यांची नावे व परतण्याची वेळ लिहून काठावर थांबणाऱ्या एका जबाबदार व्यक्तीकडे द्यावी.

प्रत्यक्ष दिवशी विद्यार्थ्यांना काठावरच ठेवावे. ते दुर्बिणीतून पक्षी मोजतील, तिवईवरील कॅमेऱ्याने चित्रे काढतील, वेळ व वाऱ्याची दिशा नोंदवतील. होडीत केवळ तीन प्रौढ जातील. एक फेरी पाऊण तासाहून मोठी नसावी; होडी काठावरच्या माणसाच्या दृष्टीआड जाऊ नये. प्रत्येक चित्राबरोबर दिनांक, स्थळ, दिशा आणि त्या दिवशीची पाणीपातळी लिहून ठेवावी. काठावर एक खूण कायम करून दरवर्षी त्याच जागेवरून, त्याच दिशेने एक चित्र घेतले, तर दहा वर्षांत गाळ किती साचला, काठाची झाडे किती राहिली, पक्षी कोठे बसू लागले, याचा बोलका पुरावा गावाच्या हाती येईल. नोंद नसलेले सुंदर चित्र भिंतीवर शोभते. नोंद असलेले साधे चित्र गावाच्या कामी येते.

संकट ओढवल्यास

होडी उलटली तरी लहान लाकडी होडी सहसा पूर्णपणे बुडत नाही. म्हणून पोहून काठ गाठण्याचा प्रयत्न न करता उलट्या होडीला धरून राहावे व एकत्र राहावे. काठावरच्या माणसांनी पाण्यात उड्या घेऊ नयेत. दोर, बांबू, रिकामे बंद डबे फेकावेत. तत्काळ ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ या क्रमांकांवर कळवावे.

बाहेर काढलेल्या माणसाचा श्वास बंद असेल तर त्याला उलटे टांगणे, गरगर फिरविणे, पोट दाबून पाणी काढणे हे जुने उपाय करू नयेत. त्यांत मोलाची मिनिटे जातात. त्याला उताणे निजवून प्रथम तोंडाने श्वास द्यावा आणि छातीच्या मध्यभागी दाब देणे सुरू करावे. मदत येईपर्यंत ते थांबवू नये. हे कौशल्य वाचून येत नाही. जवळच्या आरोग्य केंद्राच्या साहाय्याने शिक्षकांनी व मासेमार तरुणांनी ते आधीच शिकून घेतले पाहिजे.

अखेरचा शब्द होडीवाल्याचा

छायाचित्रणाचा बेत आखताना खर्च झालेला असतो, पाहुणे आलेले असतात, चौकट मनात ठरलेली असते. अशा वेळी 'आज नको' हा शब्द कोणाच्या तोंडून निघत नाही. म्हणून तो उच्चारण्याचा अधिकार आधीच, सर्वांसमक्ष, होडीवाल्याला देऊन ठेवावा. सरपंच असोत, मुख्याध्यापक असोत किंवा तालुक्याहून आलेले अधिकारी असोत, काठावर त्याचा निर्णय अंतिम मानला जावा. अनुभवी मासेमाराला वाऱ्याची जी जाण असते, ती हुद्द्याने येत नाही.

जलाशय आज भरलेला आहे, उद्याही असेल. यंदा चित्र राहून गेले तर पुढच्या हिवाळ्यात काढता येईल. दुष्काळाने पाण्याची किंमत शिकविलेल्या या जिल्ह्याला माणसाच्या किमतीविषयी वेगळे सांगावयास नको. होडी सुखरूप काठाला लागणे हेच त्या दिवसाचे पहिले काम, चित्र त्यानंतरचे.